खाडीकडची बाजू

ते मैदान दुपारी डोळे उघडे ठेवून बघता येत नसे. दुबईत देऱ्याची वस्ती जिथे संपायची, झावळ्यांच्या झोपड्या विरळ होत जायच्या, तिथे बर्फाचा कारखाना होता आणि कारखान्याच्या मागे ही जागा. सगळी मिठाने पांढरी. संध्याकाळी ऊन कललं की ती निळसर व्हायची, मग गुलाबी, आणि मग थोडा वेळ ती जमीन आहे असं वाटायचंच नाही. पाय टाकला तर आत जाईल की काय अशी शंका यायची. त्या मिठावर आम्ही हॉकी खेळायचो.

मी तिथे एकच हिवाळा होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, पण इंटरच्या परीक्षेच्या तोंडावर विषमज्वर झाला आणि वर्ष वाया गेलं. घरी बसून मी बिघडेन अशी आईला भीती होती. माझे मामू दुबईला बर्फाच्या कारखान्यात होते आणि तेव्हा रजेवर रत्नागिरीला आले होते. ते आईला म्हणाले, "एक हिवाळा माझ्याजवळ राहू दे. जूनला कॉलेजात परत आणून सोडतो. आणि हॉकी खेळतो ना हा? मग झालं."

मी खेळायचो ते कॉलेजच्या दुसऱ्या संघातून, आणि त्यातही बरेचदा दुसऱ्यांच्या चपला सांभाळायला. हे मामूंना सांगावं असं बोटीवर चढेपर्यंत रोज मनात होतं. बोटीवर सांगितलं. ते रेलिंगला टेकून समुद्राकडे बघत होते.

"धावता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मग बाकीचं तिथे येईल."

दुबईला हॉकी ही त्या वेळी कमाईची गोष्ट होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. बंदराचा संघ होता, एका बँकेचा होता, रस्ते बांधणाऱ्या कंपनीचा होता, शारजाच्या विमानतळावरच्या गोऱ्या सोल्जरांचा होता. हिवाळाभर त्यांचे आपसांत सामने चालायचे. सोल्जर सोडले तर बाकीचे संघ खेळाडूंना त्यासाठीच नोकरीवर ठेवायचे. हिवाळ्यात बर्फ कमी खपायचा, माणसं मोकळी असायची. आमचा मालक तिथलाच अरब व्यापारी होता. त्याला सगळे अरबाब म्हणायचे. हॉकी त्याने मुंबईत शिकत असताना पाहिली होती म्हणे. तो सामन्याला यायचा, गाडीच्या बोनेटवर सतरंजी टाकून बसायचा आणि खजूर खात बघायचा. जिंकलं तर काही बोलायचा नाही. हरलं तर "यल्ला, यल्ला" म्हणत सगळ्यांना हाताने कारखान्याकडे हाकलायचा, जशा कोंबड्या हाकलतात.

मैदान मामूंनी तयार केलेलं होतं. संघ उभा राहिला तेव्हा खेळायला जागाच नव्हती, नुसती भुसभुशीत वाळू. मामूंच्या लक्षात आलं की बर्फाच्या टाक्यांतून उतू गेलेलं खारं पाणी जिथे सांडतं तिथली वाळू घट्ट होते. मग ते रोज संध्याकाळी पाण्याच्या पिंपांची गाढवगाडी घेऊन निघाले. टाकीचं पाणी, खाडीचं पाणी, जे खारट मिळेल ते शिंपडायचं, रात्रभर सुकू द्यायचं, सकाळी वाळूने भरलेलं लोखंडी पिंप वरून फिरवायचं. असं एक वर्ष केल्यावर कवच धरलं. मी गेलो तेव्हा ते इतकं टणक झालं होतं की चेंडू त्यावरून वाजत जायचा. पांढऱ्यावर पांढरा चेंडू दिसत नाही म्हणून तो होड्यांच्या लाल रंगात बुडवून काढलेला असायचा. सामना संपल्यावर सगळ्यांच्या काठ्यांना लाल डाग आणि पायांना पांढरं मीठ. विहिरीचं पाणी अंगावर घेतलं की सगळीकडे झोंबायचं.

मामू गोलकीपर होते. संघ उभा राहिल्यापासून तेच. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलेलं, पण गोलात उभे राहिले की फार मोठे दिसायचे. त्यांचे पॅड शिडाच्या कापडाने जागोजाग शिवलेले होते.

मी तिथे पोचून थोडेच दिवस झाले होते. एका संध्याकाळी आम्ही दोघं पाणी शिंपडून परत येत होतो. समोरून कोणीतरी येत होतं. मामू म्हणाले, "सलाम आलेकुम, अरबाब." तो अरबाब नव्हता. वाळत घातलेला पांढरा कंदुरा होता, म्हणजे तिथले पुरुष घालतात तो पायघोळ झगा, दोरीवर वाऱ्याने हलत होता.

मामूच थोडं चालून थांबले.

"दिसलं ना तुला?"

"हो."

"कोणाला बोलू नकोस."

मग त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दवाखान्यातल्या डॉक्टरने बघितलं होतं आणि तो म्हणाला होता की आत्ता कापता येणार नाही, आधी पिकू द्या. "म्हणजे माझ्या डोळ्यांना आढी घातलीय," मामू म्हणाले. "गवतात ठेवलेत आंब्यासारखे. हा हिवाळा जाईल, मग काढायचे."

"आणि तोवर?"

"तोवर खेळायचं."

मला त्यांना विचारायचं होतं की दिसतं तरी काय. ते विचारायलाही मला दुसरा दिवस लागला. ते म्हणाले की सगळ्याच्या वर पातळ दूध सांडल्यासारखं दिसतं. कंदिलाभोवती मोठं खळं पडतं, आणि त्या खळ्यात अजून एक. माणसं जवळ आली की धुक्यातून होडी यावी तशी येतात, आधी आकार, मग आवाज, मग चेहरा. "वाईट नाही दिसत," ते म्हणाले. "फक्त उशिरा दिसतं."

बंदराच्या संघात कराचीचा एक तरुण गोलकीपर होता. त्याला आमच्याकडे यायचं होतं आणि अरबाबच्या कानावर त्याने ते घातलंही होतं. मामूंना ते ठाऊक होतं. "डोळ्यांचं कळलं की दुसऱ्या दिवशी तो गोलात," ते म्हणाले. "नोकरी जाणार नाही रे. अरबाब तसा नाही. पण गोलातून काढलं की मी मग इथे कोण? बर्फाच्या लाद्या काढणारा एक माणूस. एवढा एक हिवाळा उभा राहतो. मग माझा मी निघेन."

म्हणून मला फुलबॅक केलं. मामूंनीच संघ ठरवणाऱ्या मुकादमाला सांगितलं की पोरगा उंच आहे, मागे ठेवू. काम एकच, त्यांच्या पुढे उभं राहायचं आणि चेंडू कुठून येतो ते ओरडून सांगायचं. बाकी त्यांचे पाय बघून घेतील.

ऐकायला हे सोपं आहे. पण मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा. आणि आमच्या घरात मोठ्या माणसावर ओरडायची पद्धत नाही. आमच्याकडे मोठ्यांशी बोलायचं तर आधी हाक मारायची, त्यांनी "काय" म्हणायचं, मग बोलायचं. जेवायला वाढतानासुद्धा तसंच. हे कोणी शिकवत नाही, ते अंगात असतं.

पहिला सामना बँकेच्या संघाशी होता. त्यांचा एक शीख खेळाडू डावीकडून सुटला. मी पाहिलं. मी म्हणालो, "मामू..." आणि थांबलो. खरंच थांबलो, त्यांनी "काय" म्हणायची वाट बघत. तेवढ्यात चेंडू त्यांच्या उजव्या पॅडपासून हातभर अंतरावरून आत गेला आणि मागच्या फळीवर खाडकन आदळला.

मामू वळून म्हणाले, "काय रे?"

"चेंडू, मामू."

"तो आला आणि गेला. तुझी हाक होईस्तोवर तो घरी जाऊन जेवून आला!"

असं त्या सामन्यात आणखी दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मी हाक गाळायची असं मनाशी पक्कं केलं, पण मग तोंडातून काहीच बाहेर आलं नाही. आमचा सेंटर फॉरवर्ड गोव्याचा होता, सतत बडबडणारा. त्याला मामूंच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. सामन्यानंतर विहिरीवर तो मला म्हणाला, "बाबा, तू तिथे फुलबॅक म्हणून उभा होतास की नमाजाला? एकदम शांत!"

सगळे हसले. मामूही हसले. मी पायावरचं मीठ चोळत राहिलो. अरबाब त्या दिवशी "यल्ला" म्हणाला नाही, तो नुसता मामूंकडे बघत गाडीत बसला. ते मला जास्त लागलं.

नंतर रमजान आला आणि सामने महिनाभर थांबले. मामू म्हणाले, "बरं झालं. आता तुला जरा आवाज लावू." ऑफिसात मी पावत्या लिहायचो, त्या टेबलावरून त्यांनी मला उचलून आपल्याबरोबर बर्फाच्या शेडमध्ये नेलं.

ती शेड माझ्या अजून स्वप्नात येते. अर्धवट उजेड, जमिनीला समांतर लांबच लांब टाकी, तिच्यावर लाकडी झाकणं, आणि झाकणांखाली खाऱ्या पाण्यात उभे ठेवलेले पत्र्याचे डबे. डब्यांत गोडं पाणी हळूहळू गोठत असायचं. झाकण काढलं की आतून थंड वाफ यायची आणि गुडघ्यापर्यंत उभी राहायची, म्हणजे माणसं वाफेतून वरच्या वर चालल्यासारखी दिसायची. अमोनियाचा उग्र वास. आणि मशीनचा आवाज, कधीच न थांबणारा, इतका मोठा की थोड्या वेळाने तो शांततेसारखाच वाटायला लागायचा.

एक जण साखळीच्या कप्पीने डबा वर काढायचा आणि दुसरा समोरून त्याला वाट दाखवायचा. कप्पीवाल्याला डब्यापलीकडचं दिसत नसे. डबा भरलेला, लोंबकळता, चुकला तर कोणाचाही गुडघा फोडेल असा. म्हणून समोरच्याने ओरडायचं. पण तिथे कोणी "डावीकडे घ्या" असं म्हणत नव्हतं. दोघं समोरासमोर उभे, एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं, आणि मशीनच्या आवाजात लांब बोलणं पोचायचंच नाही. शेडची एक बाजू खाडीकडे होती, दुसरी वाळवंटाकडे. त्यामुळे एवढेच दोन शब्द होते. "खाडी!" म्हणजे डबा त्या बाजूला घ्या. "वाळू!" म्हणजे या बाजूला.

मामू कप्पीवर उभे राहिले आणि मला समोर केलं. मी पहिल्यांदा हळूच म्हणालो. डबा माझ्याकडे येत राहिला. मी मोठ्याने म्हणालो. मशीनने तेही गिळलं. डबा छातीशी आला तेव्हा माझ्या घशातून जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला ओळखता आलं नाही.

"खाडीऽ!"

डबा गपकन बाजूला गेला. वाफेच्या पलीकडून मामू म्हणाले, "हां. आता कसं!"

त्या महिन्यात मी रोज ओरडलो. उपाशी पोटी ओरडलं की डोकं हलकं व्हायचं, सगळं दूरचं आणि स्वच्छ वाटायचं. मला एक गोष्ट उमगली, ती इथे लिहावी की नाही असं वाटत होतं, कारण ती फार साधी आहे. मी मामूंना हुकूम करत नव्हतो. मी फक्त एका जागेचं नाव घेत होतो. खाडी तिथे आहे. वाळू तिथे आहे. जागेचं नाव घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्यासाठी मोठ्या माणसाला आधी हाकही मारावी लागत नाही.

ईद झाली, सामने परत सुरू झाले. मैदानाचीही एक बाजू खाडीकडे, दुसरी वाळूकडे. गोल बदलले, मामूंचं डावं उजवं झालं, तरी खाडी खाडीच राहायची. बंदराच्या संघाशी खेळताना पहिल्यांदा मी ओरडलो आणि मामूंचा पाय माझा शब्द संपायच्या आत तिकडे गेला. चेंडू पॅडवर धप्पकन आपटला. तो आवाज मी आयुष्यात ऐकलेल्या चांगल्या आवाजांपैकी एक आहे. मागे वळून पाहिलं तर मामू चेंडू दूर मारून आपल्या जागेवर उभे होते, तोंड थोडं वर, ऐकत असल्यासारखे.

"चालू दे," ते म्हणाले.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला वेगळ्या आठवत नाहीत. सगळ्या मिळून एकच लांब संध्याकाळ झाली आहे. मिठावर लाल चेंडू जातोय, लोक काठावर उकिडवे बसलेत, खाडीवरून अब्रेवाल्यांच्या, म्हणजे तरीच्या होड्या चालवणाऱ्यांच्या हाका येताहेत, आणि मी पांढऱ्याच्या मधोमध उभा राहून खाडी, वाळू, खाडी असं ओरडतोय. हळूहळू बाकीचेही ओरडायला लागले. दुसरा फुलबॅक बलुची होता, त्याला आमची भाषा येत नव्हती, पण हे दोन शब्द तो माझ्यापेक्षा खणखणीत म्हणायचा. काठावरची माणसंही म्हणू लागली. कोणाला वाटलं ती आमची संघाची आरोळी आहे. गोव्याच्या सेंटर फॉरवर्डला मात्र कळलं असावं. एकदा विहिरीवर तो मला नुसतं म्हणाला, "घसा जप रे बाबा. आता तुझा घसा पडला तर आपण सगळे पडलो."

आम्ही जिंकत गेलो. शेवटचा सामना उरला तो सोल्जरांशी, आणि तो शारजाला, त्यांच्या मैदानावर. बाकी सगळे आमच्याकडे येऊन खेळले होते, मिठाचं मैदान सगळ्यांना आवडायचं. शारजाला मात्र आम्ही हिवाळाभरात एकदाही गेलो नव्हतो.

मामूंची नजर तोवर पुष्कळ उतरली होती. चहाचा कप ते ठेवायच्या आधी दुसऱ्या हाताने जागा चाचपून घ्यायचे. पण शारजाचं मैदान तेल शिंपून काळं केलेलं असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा त्यांना फार भरवसा वाटत होता. ट्रकमध्ये मागे बसून आम्ही जात होतो. रस्ता असा नव्हताच, नुसत्या चाकोऱ्या. मामू म्हणाले, "काळ्या जमिनीवर पांढरा चेंडू. आज मला दिसणार बघ. तुला आज ओरडावंच लागायचं नाही." मलाही ते पटलं. आम्ही दोघं इतके त्या काळ्या-पांढऱ्याच्या नादात होतो की दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

सामना सुरू झाला. मामूंच्या वाट्याला पश्चिमेकडे तोंड असलेला गोल आला होता. ऊन थेट डोळ्यांत. मोतीबिंदूच्या डोळ्यांत समोरून ऊन शिरलं की सगळंच पांढरं होतं, हे त्यांनी मला मागे कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा जमीन काळी असून उपयोग काय? पहिला गोल त्यांना कळलाच नाही. चेंडू फळीवर वाजला तेव्हा ते दचकले.

मी जवळ गेलो. "मामू, ओरडू का?"

"ओरड. दिसत नाही काही."

थोड्याच वेळात त्यांचा एक लालबुंद चेहऱ्याचा सोल्जर एकटाच आत घुसला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "खाडीऽ!"

मामू हलले नाहीत. त्यांनी मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे. चेंडू आत गेला.

ते गोलाबाहेर आले आणि म्हणाले, "कुठली खाडी रे?"

मी बघितलं. आमच्या एका बाजूला वाळू होती. दुसऱ्या बाजूलाही वाळू होती. मागे वाळू, पुढे सोल्जरांच्या बराकी, आणि त्यांच्या पलीकडे पुन्हा वाळू. मीच ओरडलो होतो, आणि मलाच सांगता येईना की मी कुठली बाजू म्हणालो. सवयीने शब्द तोंडातून निघाला होता. ट्रकमध्ये बसताना, उतरताना, मैदानावर चालत येताना आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

गोव्याचा सेंटर फॉरवर्ड धावत मागे आला. "झालं काय?"

"इथे खाडी नाही," मी म्हणालो.

त्याने चारी बाजूंना मान फिरवली. "अरे देवा! ती दुबईला राहिली! ट्रकमध्ये कोणी घातलीच नाही!"

आणि मामू हसायला लागले. भर मैदानात, दोन गोल अंगावर, पॅड बांधलेल्या पायांवर वाकून ते हसत होते. मीही हसलो. अंपायर शिटी वाजवत होता. मग मामू म्हणाले, "ती विमानं कुठे आहेत?"

मी त्यांचा हात धरून धावपट्टीकडे केला. तिथे विमानं ओळीने उभी होती, पंखांवर संध्याकाळ.

"ती खाडी," मामू म्हणाले. "आजच्यापुरती."

त्यानंतर आम्ही एकही गोल खाल्ला नाही. मी ओरडत होतो, बलुची ओरडत होता, आणि मामू त्या वाळूत नसलेल्या खाडीकडे झेपावत होते. ऊन उतरलं. मामूंना कदाचित थोडं दिसूही लागलं असेल, मी विचारलं नाही. दुसऱ्या अर्ध्यात आमचा एक गोल झाला. आणखी एक झाला असता, पण चेंडू खांबाला लागून परत आला. आम्ही हरलो.

काठ्या गोळा करत होतो तेव्हा अरबाबने बोनेटवरूनच बोट हलवलं. मामू आणि मी गेलो. त्याने खजुराची बी थुंकली आणि त्याच्या हिंदीत विचारलं, "हबीबी, इधर खाडी किधर है?"

मामू पॅडचा पट्टा चाचपू लागले.

"मेरे को मालूम है खाडी किसको बोलता. मैं बंबई में पढ़ा. तुम लोग खाडी खाडी चिल्लाता, इधर तो पानी नहीं." मग तो माझ्याकडे वळला. "कॉलेजवाला, तुम बोलो."

मी तोंड उघडलं आणि पूर्वीसारखंच झालं. काही येईना. खोटं सांगावं असंही मनात आलं, आणि मामूंसमोर खोटं सांगायचं कसं असंही. मी "मामू..." म्हणालो आणि थांबलो.

या वेळी मामू "काय" म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अरबाबला म्हणाले, "नज़र गया, अरबाब. पूरा सीझन गया था. ये लड़का मेरे को बोलता, उधर मैं जाता."

"पूरा सीझन?"

"पूरा."

अरबाब बोनेटवरून खाली उतरला. तो मामूंच्या अगदी जवळ गेला आणि त्यांच्या डोळ्यांत वाकून बघू लागला, घोडा विकत घेताना दात बघतात तसं. मला त्याचा राग आला. मग त्याने मामूंच्या चेहऱ्यासमोर हात हलवला आणि एकदम मान मागे टाकून काहीतरी अरबीत म्हणाला. ते मला कळलं नाही, पण तो शिवी देत नव्हता.

"खलास," तो म्हणाला. "अभी गोल में खड़ा नहीं रहने का. अभी आँख बनाने का. जाओ मुलुक, आँख बनाओ. गोल में कराचीवाला आएगा."

"ठीक है," मामू म्हणाले. त्यांच्या आवाजात काही बदल झाला नाही. "एक बात, अरबाब. जाने के पहले वो लड़के को मैं देखेगा. मेरा ग्राउंड पे."

"तुम देखेगा? कैसे देखेगा?"

"खड़ा रहके," मामू म्हणाले.

परत येताना ट्रकमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही. मामू माझ्या शेजारी बसले होते. मी विचारलं, "मामू, वाईट वाटलं?" चाकोऱ्यांत ट्रक डुलत होता आणि आम्ही सगळे एकदम एका बाजूला, एकदम दुसऱ्या बाजूला कलत होतो.

"निघेन म्हणालो होतो ना माझा मी," ते म्हणाले. "ते नाही जमलं. काढलंच त्याने." थोड्या वेळाने म्हणाले, "पण शेवटचा सामना झाल्यावर."

मुंबईची बोट यायला अवकाश होता. मामू रोज संध्याकाळी पाणी शिंपायला जात राहिले. गाढवाला वाट माहीत होती, आणि मी बरोबर असायचोच. जायच्या आधी दोन दिवस कराचीचा गोलकीपर आला. माझ्याच वयाचा, दाट भुवयांचा, जरा अवघडलेला. मामूंच्या जागेवर आपण आलो हे त्याला माहीत होतं, आणि त्याला सलाम केल्यावर पुढे काय करावं ते कळेना.

मामूंनी त्याला गोलात उभं केलं आणि स्वतः खांबाजवळ, बाहेरच्या बाजूला उभे राहिले. मला म्हणाले, "मार."

मी मारले. लांबून, जवळून, तिरके. मिठावरून चेंडू वाजत जायचा, आणि मग पॅडवर नाहीतर फळीवर. मामू मान खाली घालून उभे होते. प्रत्येक वेळी ते विचारत होते, "अडवला?" त्यांना आवाजावरून कळत होतंच, तरी विचारत होते. मी सांगत होतो. "अडवला. गेला. अडवला. अडवला."

"आगे आ एक कदम," ते त्या मुलाला म्हणाले. "ये ग्राउंड तेज है. यहाँ बॉल रुकता नहीं."

तो पुढे आला. मी मारला. अडवला.

"बरा आहे," मामू मला म्हणाले. मग त्यांनी खांबाला टेकवून ठेवलेले आपले शिवलेले पॅड उचलले आणि त्या मुलापुढे ठेवले. त्याचे स्वतःचे पॅड नवे होते. त्याने एकदा त्या नव्यांकडे पाहिलं, एकदा या जुन्यांकडे, आणि आपले सोडायला लागला.

जुन्या पॅडच्या एका पट्ट्याचं बक्कल तुटलेलं होतं, तिथे दोरी होती. ती त्याला बांधता येईना. "चाचा, ये कैसे?" तो म्हणाला.

मामू मिठावर गुडघे टेकून बसले. बोटांनी दोरीचं टोक शोधलं, मागून घेतलं, दोनदा फिरवलं, ओढलं.

"टाइट होता क्या?"

"नहीं, चाचा."

"तो और ज़रा," मामू म्हणाले, आणि त्यांनी ती सोडून पहिल्यापासून बांधायला घेतली.